पिकअपच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं लाल तेल

२०१५ नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या शेव्हरोले सिल्व्हराडो आणि जीएमसी सिएरा या पिकअप ट्रकांचे मालक एकाच प्रकारची तक्रार घेऊन वर्कशॉपमध्ये येऊ लागले. महामार्गावर एकसारख्या वेगाने जाताना, ॲक्सिलरेटर जेमतेम दाबलेला असताना, गाडी अचानक थरथरायची. डुलकी लागलेल्या चालकाला जागं करण्यासाठी रस्त्याच्या कडेला खाचा पाडलेल्या असतात, त्यांवरून चाकं जावीत तशी ती थरथर. चाकांचं बॅलन्सिंग झालं, काही गाड्यांचे टॉर्क कन्व्हर्टरही बदलले गेले, तरी ती परत यायची. २०१९ मध्ये या ट्रक बनवणाऱ्या जनरल मोटर्सने डीलरांना जे तांत्रिक पत्रक पाठवलं, त्यातला उपाय होता तेलाचा. आठ गिअरच्या त्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं जुनं तेल संपूर्ण काढायचं आणि वेगळ्या घडणीचं नवं तेल भरायचं. आधीचं तेल हवेतला ओलावा शोषून घेत होतं आणि तेवढ्याशा पाण्याने आतल्या क्लचची पकड बिघडत होती. सगळ्याच मालकांचं त्याने समाधान झालं नाही, प्रकरण न्यायालयातही गेलं. पण एक गोष्ट यातून स्वच्छ दिसली. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल हा स्वतःच एक सुटा भाग असतो. तो पंपासारखं, क्लचसारखं काम करतो, त्यांच्यासारखाच झिजतो, आणि म्हणून बदलावा लागतो.

तेल काय काय करतं

हाताने गिअर टाकायच्या गाडीत गिअरबॉक्समधल्या तेलाचं काम मुख्यतः वंगणाचं. दात्यांवर दाते घासू नयेत, एवढं पाहिलं की झालं. ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाची ताकद चाकांकडे निघते तीच मुळी तेलातून. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचा बंद डबा असतो. त्याच्या एका बाजूची पाती इंजिनाबरोबर फिरतात आणि तेल जोराने समोर फेकतात. समोरची पाती त्या तेलाच्या माऱ्याने फिरतात. सिग्नलला गाडी उभी असते तेव्हा इंजिन बंद पडत नाही, कारण मधलं तेल नुसतं घुसळलं जातं. घुसळलं की ते तापतं.

त्यापुढे गिअर बदलण्याचं काम. फोर्डच्या एफ-१५० ट्रकमध्ये २०१७ पासून दहा गिअरचा जो गिअरबॉक्स येतो, त्यात ग्रहीय गिअरांचे चार संच आणि त्यांना धरणारे-सोडणारे सहा क्लच असतात. कोणता क्लच कधी आवळायचा हे कॉम्प्युटर ठरवतो, पण प्रत्यक्ष आवळतं ते दाबाखालचं तेल. पंप दाब तयार करतो आणि व्हॉल्व्ह बॉडीतल्या बारीक वाटांमधून तेल नेमक्या पिस्टनमागे जाऊन क्लचच्या चकत्या एकमेकींवर दाबतं. तेच तेल बेअरिंगांना वंगण देतं आणि आतली उष्णता कूलरपर्यंत वाहून नेतं.

सगळ्यांत नाजूक काम क्लचच्या चकत्यांवरचं आहे. या चकत्यांवर कागदासारख्या तंतुमय पदार्थाचं अस्तर असतं आणि ते कायम तेलात भिजलेलं असतं. इथे तेलाने एकाच वेळी दोन उलट गोष्टी करायच्या: पृष्ठभाग जळू द्यायचे नाहीत आणि पकडही सुटू द्यायची नाही. त्यासाठी तेलात घर्षण नियंत्रित करणारी रसायनं मिसळलेली असतात. आधुनिक गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टरच्या आतही एक क्लच असतो. तो इंधन वाचवण्यासाठी दोन्ही बाजू जोडतो, पण इंजिनाची कंपनं गाडीत शिरू नयेत म्हणून मुद्दाम किंचित घसरत ठेवला जातो. घसरण वाढली की घर्षणही थोडं वाढलं पाहिजे, म्हणजे क्लच स्वतःच सावरतो. रसायनं संपली किंवा तेलात पाणी शिरलं की हे नातं उलटं होतं. मग क्लच पकडतो, सुटतो, पुन्हा पकडतो. सिल्व्हराडोच्या मालकांना जाणवणारी थरथर ती हीच.

व्हेलच्या तेलापासून आजपर्यंत

मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे जनरल मोटर्सचा हायड्रा-मॅटिक. १९३९ च्या अखेरीस तो ओल्ड्समोबिल गाड्यांमध्ये आला. अशा गिअरबॉक्ससाठी टाइप ए हे खास तेलाचं मानक जनरल मोटर्सने १९४९ मध्ये ठरवलं. पुढे तिचंच डेक्सरॉन हे मानक आलं. या तेलांना लाल रंग दिला जातो तो ओळखण्यासाठी. गाडीखाली डाग दिसला तर तो इंजिनाचा की गिअरबॉक्सचा, हे त्यावरून कळतं. रंगाचा कामाशी संबंध नाही. झेडएफ या जर्मन कंपनीचं आठ गिअरच्या गिअरबॉक्ससाठीचं तेल हिरवं असतं.

सुरुवातीच्या काही दशकांत ऑटोमॅटिकच्या तेलात स्पर्म व्हेलचं तेल मिसळत. उष्णतेत टिकणारं आणि क्लचची पकड मऊ ठेवणारं तसं दुसरं स्वस्त द्रव्य तेव्हा नव्हतं. १९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातलं आणि हा पुरवठा थांबला. रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. त्या पर्यायांतल्या एकाने रेडिएटरमधल्या ऑइल कूलरचे झाळलेले सांधे कुरतडले, म्हणून १९७० च्या दशकातच मानक पुन्हा सुधारावं लागलं.

त्याच काळात फोर्डने उलटा विचार केला होता. तिच्या टाइप एफ तेलात घर्षण मऊ करणारी रसायनं नव्हती. क्लच झटकन आणि घट्ट बसावा, असा तिचा हिशेब होता. एकाचं तेल दुसऱ्याच्या गिअरबॉक्समध्ये टाकलं तर गिअर एक तर धक्का देत पडत, नाहीतर घसरत. ‘तेल ते तेल’ हा समज ऑटोमॅटिकमध्ये इतका महाग का पडतो, याचं मूळ इथे आहे.

आज फरक आणखी बारीक झाला आहे. इंधन वाचावं म्हणून तेलं पातळ होत गेली. डेक्सरॉन ३ या जुन्या मानकाचं तेल १०० अंश सेल्सिअसला साधारण सात सेंटिस्टोक (दाटपणा मोजायचं एकक) घट्ट असे. २००५ मध्ये आलेल्या डेक्सरॉन ६ ला ६.४ ची कमाल मर्यादा आहे. फोर्डच्या दहा गिअरच्या गिअरबॉक्सला लागणारं मर्कॉन यूएलव्ही तर साडेचारच्या आसपास आहे. त्याआधीच्या सहा गिअरच्या एफ-१५० ला मर्कॉन एलव्ही लागतं. ट्रकचं नाव तेच, वर्ष वेगळं, तेल वेगळं. आणि ही दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. म्हणून डबा घेताना ‘सर्व गाड्यांसाठी योग्य’ या मजकुरावर जाऊ नये. माहितीपुस्तकात दिलेलं मानक डब्यावर छापलेलं आहे का, ते पाहावं.

पिकअपचं तेल लवकर का बदलावं लागतं

या तेलाचा मोठा शत्रू उष्णता. साधारण ८० ते ९५ अंशांना गिअरबॉक्स सुखाने चालतो. त्यापुढे ढोबळ नियम असा की दर दहा अंशांनी तेल ऑक्सिडाइझ होण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो. १२० अंशांच्या वर तासन्‌तास राहिलं तर तेलाचा चिकट थर धातूवर बसू लागतो, व्हॉल्व्ह अडखळतात आणि रबरी सील कडक होतात.

सपाट महामार्गावर रिकामी धावणारी गाडी या तापमानाच्या आसपास जात नाही. पिकअपचं आयुष्य मात्र वेगळं असतं. अमेरिकेत या ट्रकांमागे घोड्यांचे ट्रेलर, बोटी, राहायच्या कॅम्पर गाड्या जोडतात. योग्य साज असलेला एफ-१५० सहा टनांपर्यंत ओझं ओढू शकतो, असं कंपनीच सांगते. चढावर एवढं ओझं ओढताना टॉर्क कन्व्हर्टर मोकळा घसरत राहतो, तेल घुसळलं जातं आणि तापमान चढतं. बोट पाण्यातून बाहेर काढताना रिव्हर्स-फॉरवर्ड करत राहणं, शेतातल्या चिखलात रुतलेली गाडी झुलवून काढणं, दारोदार माल पोचवणं ही तेलाला भाजून काढणारी कामं आहेत.

‘हे तेल गाडीच्या आयुष्यभर पुरेल’ हा दावा या पार्श्वभूमीवर वाचावा. एफ-१५० च्या वेळापत्रकात सामान्य वापरासाठी तेल बदलायचा आकडा दीड लाख मैल, म्हणजे सुमारे २ लाख ४० हजार किलोमीटर आहे. काही कंपन्या तर बदलाचा आकडाच देत नाहीत. मात्र रॅम १५०० आणि फोक्सवॅगन अमारोक या पिकअपमध्ये आठ गिअरचा गिअरबॉक्स देणारी झेडएफ स्वतः, वापरानुसार ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला तेल बदलण्याची शिफारस करते. गाडी विकणाऱ्याला देखभालीचा खर्च कमी दाखवायचा असतो. गिअरबॉक्स बनवणाऱ्याला तो टिकवायचा असतो. माहितीपुस्तकात बहुधा दोन वेळापत्रकं असतात, सामान्य आणि कठीण वापराचं. ओझं ओढणारा, डोंगराळ किंवा धुळीच्या भागात चालणारा पिकअप दुसऱ्या वेळापत्रकात मोडतो. वारंवार ट्रेलर ओढणाऱ्याने ५०-६० हजार किलोमीटरला बदल केला तर त्यात अतिरेक नाही.

नुसत्या रंगावरून निर्णय घेऊ नये. क्रायस्लरच्या गाड्यांत लागणारं एटीएफ+४ हे तेल लवकर काळपट होतं, तरी काम करत राहतं. जळका वास, गिअर पडायला लागणारा उशीर, इंजिनाचा आवाज वाढूनही गाडी पुढे न सरकणं या खुणा जास्त बोलक्या. आणि तेल गुलाबी, दुधाळ दिसलं तर किलोमीटर मोजत बसू नये. रेडिएटरमधलं कूलंट आत शिरलं आहे आणि ते क्लचचं अस्तर चिकटवणारा गोंद सोडवतं. गाडी तिथेच थांबवावी.

काम कसं करतात

आधी गाडी गरम करायची, पण ट्रेलर ओढून आल्या आल्या हात घालायचा नाही. नव्वद अंशांचं तेल कोपरापर्यंत भाजतं. गाडी चारही बाजूंनी सपाट हवी, कारण शेवटी पातळी मोजायची आहे. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. पक्के स्टँड किंवा वर्कशॉपमधली लिफ्ट हवी.

पहिला बोल्ट सोडायचा तो भरण्याच्या भोकाचा. अनेक नव्या पिकअपना तेल मोजायची पट्टी नसते. गिअरबॉक्सच्या अंगावर एक बूच असतं आणि ते वर्षानुवर्षं न उघडल्यामुळे गंजून बसलेलं असू शकतं. खालून तेल काढल्यावर हे बूच निघालं नाही, तर गाडी जागची हलवता येत नाही. म्हणून भरायची वाट मोकळी असल्याची खात्री आधी, काढणं नंतर.

गिअरबॉक्सच्या तळाशी तेल साठणाऱ्या चेंबरला काही गाड्यांत ड्रेन नट असतो. नसेल तर एका कोपऱ्याचे बोल्ट जास्त सैल करून तेल तिरकं काढावं लागतं, आणि ते पसरतंच. निघालेलं तेल मापाच्या भांड्यात धरावं. किती निघालं हा आकडा पुढे लागणार आहे.

चेंबर खाली आला की गिअरबॉक्सची प्रकृती दिसते. तळाशी एक-दोन चुंबकं असतात. त्यांवर बारीक राखाडी लेप असेल तर ती नेहमीची झीज. नखाला टोचणारे कण, तुकडे किंवा सळ्यांसारखे कपचे असतील तर आत काहीतरी तुटतंय. काळा, जळक्या वासाचा गाळ म्हणजे क्लचचं अस्तर संपत चाललंय. अशा वेळी तेल बदलून फार काही साधणार नाही, जाणकाराला दाखवणं बरं.

फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरचं रबरी सील गिअरबॉक्समध्येच अडकून राहिलं नाही ना, हे पाहावं. दोन सीलांवर नवा फिल्टर नीट बसत नाही आणि पंप हवा ओढू लागतो. झेडएफच्या आठ गिअरच्या गिअरबॉक्समध्ये चेंबर प्लॅस्टिकचा असतो आणि फिल्टर त्यातच घडवलेला, म्हणून पूर्ण चेंबरच बदलतात. पॅकिंग नवं घालून बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. हे बोल्ट लहान असतात आणि त्यांना फार थोडा जोर लागतो. टॉर्क रेंचशिवाय हाताच्या अंदाजाने आवळले तर चेंबरची कड वाकते आणि महिन्याभराने तेल झिरपू लागतं.

आता भरणं. निघालं तेवढंच तेल आधी हातपंपाने भरायचं. इंजिन चालू करून ब्रेक दाबून ठेवावा आणि लिव्हर पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह असा प्रत्येक जागी काही सेकंद थांबवत न्यावा, म्हणजे सगळ्या वाटा तेलाने भरतात. मग पातळी.

पातळी मोजताना तापमान महत्त्वाचं, कारण तेल गरम झालं की फुगतं, दर दहा अंशांना साधारण पाऊण टक्का. बारा लिटरचा गिअरबॉक्स वीस अंशांवरून नव्वदवर गेला तर त्यातलं तेल सहाशे मिलिलिटरच्या आसपास वाढतं. थंड असताना काठोकाठ भरलेलं तेल रस्त्यावर जास्त ठरतं. ते फिरत्या गिअरांत घुसळून फेसाळतं, फेस दाबला जातो आणि क्लचला पुरता दाब मिळत नाही. कमी भरलं तरी पंप हवा ओढतो आणि परिणाम तोच. टोयोटाच्या अनेक गाड्यांत म्हणून खालच्या बाजूला ओव्हरफ्लोचं भोक असतं. इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवर तापमान पाहत, कंपनीने दिलेल्या मोजक्या अंशांच्या पट्ट्यात तेल आलं की ते बूच काढतात. तेलाची बारीक धार थेंबांवर आली की पातळी बरोबर. काहीच न आल्यास तेल कमी आहे. मोठी धार आली तर जास्तीचं बाहेर जाऊ द्यायचं. तापमान पट्ट्याच्या वर गेलं तर गाडी थंड होऊ देऊन पुन्हा सुरुवात करायची.

एकदा बदललं म्हणजे सगळं बदललं नाही

चेंबर रिकामा केला तरी टॉर्क कन्व्हर्टर, कूलर आणि नळ्यांमधलं तेल आतच राहतं. समजा एकूण बारा लिटर आहे आणि खालून पाच लिटर निघालं. नवं पाच भरल्यावर आत ५८ टक्के जुनंच असतं. थोडी गाडी चालवून हेच पुन्हा केलं तर जुनं ३४ टक्के उरतं आणि तिसऱ्या वेळी २० टक्के. पंधरा लिटर नवं तेल खर्चून जवळपास ८० टक्के बदल. ठरावीक अंतराने एकेकदा बदलत राहणाऱ्याला एवढं पुरतं. मानकच बदलायचं असेल किंवा आत पाणी गेलं असेल तर मात्र कूलरच्या नळीला यंत्र जोडून सगळं तेल अदलाबदल करतात.

‘जुन्या गिअरबॉक्सचं तेल बदललं की तो बसतो’ असं गॅरेजांमध्ये हमखास ऐकू येतं. त्यात अर्धं सत्य आहे. दीड-दोन लाख किलोमीटर तेल न बदललेल्या गिअरबॉक्समध्ये क्लच आधीच झिजलेला असतो आणि त्याच्याच अस्तराचे कण तेलात तरंगत असतात. ताज्या तेलातली स्वच्छता करणारी रसायनं चिकट थर सोडवतात आणि तो गाळ व्हॉल्व्हांच्या बारीक वाटांत अडकू शकतो. पण बहुतेक मालक तेल बदलायला येतात तेच मुळी गिअर घसरू लागल्यावर. गिअरबॉक्स जाणारच होता, तेल फक्त शेवटचं केलेलं काम ठरतं आणि दोष त्याच्यावर जातो. गाडी नीट चालत असेल तर उशिरा का होईना, चेंबरमधून निघेल तेवढं तेल बदलणं सुरक्षित. ती घसरत असेल तर तेलाकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

महाराष्ट्रातला प्रश्न थोडा वेगळा

आपल्याकडे पिकअप म्हटलं की बाजार समितीत भाजी उतरवणारी बोलेरो पिकअप आठवते, आणि तिचे गिअर हाताने टाकायचे असतात. ऑटोमॅटिक पिकअप इथे मोजक्या. इसुझू व्ही-क्रॉसची ऑटोमॅटिक आवृत्ती आहे आणि २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स आली. हायलक्सच्या २.८ लिटर डिझेल इंजिनाचा टॉर्क ऑटोमॅटिक आवृत्तीत ५०० न्यूटन-मीटर आहे. दोन्हींमध्ये सहा गिअर. आपल्या बहुतेक गॅरेजांचा सराव साध्या गिअरबॉक्सचा, दाट गिअर ऑइलचा. ते ऑइल ऑटोमॅटिकमध्ये गेलं तर ना व्हॉल्व्ह नीट चालतील, ना क्लच नीट धरतील. म्हणून अशा गाडीचा मालक स्वतः काम करणार नसला तरी त्याला दोन प्रश्न विचारता यायला हवेत: डब्यावर कोणतं मानक छापलं आहे, आणि पातळी किती अंशांना पाहणार. दुसऱ्या प्रश्नावर ‘अंदाजाने भरतो’ असं उत्तर आलं तर गाडी पुढच्या गॅरेजला न्यावी.

घाटात लोड घेऊन जाणं, मे महिन्याची चाळीस अंशांची दुपार, शहरातली थांबत-थांबत जाणारी गर्दी, हे सगळं कठीण वापरातच मोडतं. आणि बदल करताना निघालेलं तेल गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतायचं नाही. आपल्या नियमांत ते घातक कचरा आहे आणि ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच गेलं पाहिजे. अमेरिकेत सुट्या भागांची बरीच दुकानं ते विनामूल्य परत घेतात.

काम झाल्यावर पहिले काही दिवस गिअर थोडे वेगळे पडतात. कॉम्प्युटर जुन्या तेलाच्या हिशेबाने दाब देत असतो आणि हळूहळू नवा हिशेब शिकतो. काही गाड्यांत स्कॅनरने तो नव्याने सुरू करावा लागतो. आणि एक नोंद करून ठेवावी: किती किलोमीटरला बदललं, कोणतं मानक, किती निघालं, किती भरलं, चुंबकावर काय दिसलं. शक्य तर चुंबकाचा फोटोही काढावा. एकदा पाहिलेल्या लेपावरून फारसं कळत नाही. दुसऱ्यांदा चेंबर उघडल्यावर तेवढ्याच किलोमीटरात लेप तेवढाच जमला की वाढला, यावरून गिअरबॉक्स निवांत झिजतोय की घाईने, हे कळतं.